बत्तीस की चौसष्ट

संगिताला कॉम्प्युटर चालू करता यायचा, बंद करता यायचा आणि मधल्या वेळात त्याच्यावर फडकं मारता यायचं. त्यापलीकडचं सगळं नवऱ्याचं, नविनचं. गंजाडच्या पाड्यात त्यांच्या घराला लागून एक खोली होती. भिंतींना गोधड्या आणि अंड्यांचे पुठ्ठे ठोकलेले, खिडकीला गोणपाट. लग्नसराईत नविन कीबोर्ड घेऊन बेंजो पार्टीबरोबर फिरायचा आणि बाकीच्या दिवसांत या खोलीत पोरांची नाचाची गाणी रेकॉर्ड करून द्यायचा. लोक त्या खोलीला स्टुडिओ म्हणायचे. संगिता कोंडी म्हणायची. कोणी विचारलं, नविन कुठंय, तर म्हणायची, "कोंडलाय."

ती मूळची झरीची. आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेली, अक्षर मोत्यासारखं, अंगाने काटक. सकाळी चूल पेटवायच्या आधी ती अंगणात यायची, महालक्ष्मीच्या डोंगराकडे तोंड करून हात जोडायची आणि कामाला लागायची. मागायची काही नाही. शेजारणीने एकदा छेडलं, तर म्हणाली, "रोज रोज हात पसरला तर आई पण तोंड फिरवील."

तिची सासू हिराबाई. गंजाडमध्ये आणि आजूबाजूच्या पाड्यांत हिराबाईला ओळखत नाही असं माणूस नव्हतं, कारण हिराबाई धवलेरी होती. इकडच्या पाड्यांतून लग्न लावते ती धवलेरी. भटजी नाही, पोथी नाही. भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक काढतात, त्याच्यापुढे नवरीला बसवतात आणि धवलेरी गाते. तिचं गाणं पुरं झालं की लग्न लागलं. गाणं लांबलचक. कुठे लिहिलेलं नाही, सगळं तोंडी. प्रत्येक धवलेरीचं आपापलं, सासूकडून सुनेकडे नाहीतर आईकडून लेकीकडे आलेलं.

धवलेरीच्या मागे एक बाई उभी राहते. धवलेरीने ओळ म्हटली की शेवटचे दोन शब्द या बाईने उचलायचे, म्हणजे धवलेरीला श्वास घ्यायला सवड मिळते. त्याला त्यांच्या घरात 'शेपूट धरणं' म्हणायचे. लग्न होऊन आल्यापासून हिराबाईचं शेपूट संगिता धरायची. त्यामुळे झालं असं, की गाण्यातली सगळी शेपटं तिला तोंडपाठ झाली. 'गं तांदळाच्या दाण्या', 'गं सोन्याच्या पाटा', 'गं दुधाच्या धारा'. डोकी मात्र येत नव्हती. ओळ कुठून सुरू होते, कोणती ओळ कोणत्या ओळीनंतर, हे तिने कधी मनावर घेतलंच नाही. पुढे सासू होती ना. बैलगाडीच्या मागे बसलेल्या माणसाने रस्ता कशाला पाठ करायचा?

आणि एक तुकडा असा होता, की त्याला शेपूटच नव्हतं. गाणं शेवटाला आलं, पहिलीच ओळ पुन्हा म्हणून मिटवायचं तेवढं उरलं, की हिराबाई वाकून नवरीच्या कानाशी तोंड न्यायची आणि देवीला बोलवायचे शब्द तिथे म्हणायची. एकटीने, हळू. मागच्या बाईने तेवढा वेळ खाली बघून उभं राहायचं. ते शब्द नवरीने कधी कोणाला सांगायचे नाहीत, आणि संगिताचं स्वतःचं लग्न झरीच्या धवलेरीने लावलेलं, म्हणून ते तिच्या कानावर कधीच पडले नव्हते.

दोन हजार पंधराच्या थंडीत हिराबाईला खोकला लागला. तो जाता जाईना, तेव्हा नविनने आईच्या मागे लकडा लावला, गाणं मशीनमध्ये घेऊन ठेवू. हिराबाई म्हणाली, "माझं गाणं माझ्या तोंडात बरं हाय." पण लेकाचा हट्ट. संगिता तेव्हा बाळंतपणाला झरीला गेलेली. हे गाणं गाताना पुरुषाने बसायचं नाही, म्हणून नविनने माईक लावला, लाल बटण दाबलं आणि बाहेर येऊन ओट्यावर बसला. हिराबाई आत एकटी. बऱ्याच वेळाने दार उघडून ती बाहेर आली आणि एवढंच बोलली, "झालं." नविनने फाइल ठेवून दिली. ऐकली नाही. कारणाशिवाय ते गाणं ऐकायचं नाही असं त्याला लहानपणापासून सांगितलेलं. सावकाश साफसूफ करू, एमपीथ्री काढून ठेवू असं म्हणत म्हणत ते राहून गेलं. राहून जाणाऱ्या गोष्टींचं एक पोतं प्रत्येक घरात असतंच.

पुढच्या पावसाळ्यात वीज पाड्याजवळ पडली आणि नविनचा कॉम्प्युटर जळाला. डिस्क वाचली, आवाजाचं कार्ड वाचलं, बाकी कोळसा. सरावलीला दिपक नावाचा एक जण सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडून द्यायचा. त्याच्याकडे नवा सांगितला. तो तयार झाला त्या दिवशी नविन पार्टीबरोबर उंबरगावला गेलेला, फोन लागत नव्हता, म्हणून आणायला संगिता गेली.

दिपकने सगळं जोडून ठेवलेलं. स्क्रूड्रायव्हर कानामागे खोचत त्याने विचारलं, "वहिनी, बत्तीस बिट टाकू का चौसष्ट बिट?"

संगिताला बीट माहीत होता. नवऱ्याच्या तोंडात दिवसभर तोच शब्द. बीट वाढव, बीट पडला, बीटमध्ये दम नाय. तिने क्षणभर विचार केला आणि ठामपणे म्हणाली, "चौसष्टच टाका. कमी कशाला?"

"बराबर," दिपक म्हणाला. "आता सगळे चौसष्टच घेतात."

घरी येईपर्यंत आपण नवऱ्याच्या धंद्यातलं काहीतरी शहाणपणाचं करून आलो असं तिला वाटत होतं. नविनने नवीन प्रोग्राम टाकला, आवाजासाठी नवीन छोटा डबा घेतला आणि त्याचं काम जोरात सुरू झालं. जुनी डिस्क आणि जुनं कार्ड फडक्यात गुंडाळून फळीवर गेलं.

दोन हजार सतराच्या दिवाळीत हिराबाईला लकवा मारला. उजवा हात गेला, पाय गेला, वाचा गेली. ती सगळं ओळखायची, डाव्या हाताने पाणी मागायची, नातवाला थोपटायची. पण तोंडातून फक्त 'आं, आं' यायचं. धवलेरीचं तोंड गेलं म्हणून पाड्यातली माणसं भेटायला येत, आणि काय बोलावं ते न सुचून दाराशीच बसून जात.

शिमगा झाल्यावर सुदाम आला. सुदाम त्यांच्या भावकीतला, त्याच पाड्यातला. त्याच्या लेकीचं, प्रगतीचं लग्न ठरलं होतं, महालक्ष्मीच्या जत्रेच्या आधीचं. हिराबाईच्या खाटेपाशी बसून तो म्हणाला, "काकी, माझ्या बायकोला तूच बसवलंस चौकापुढं. माझ्या पोरीला कोण बसवील?"

हिराबाईने डावा हात उचलला आणि संगिताकडे दाखवला.

संगिताने दोन्ही हात हलवले. "मला नाय येत, दादा," ती म्हणाली. "उधव्याची ती सोनीबाई हाय ना?"

"तिची त्या दिवशी दोन लग्नं हायत. आणि तिचं गाणं वेगळं. आमच्या घरात तुमच्याच घरचं गाणं लागतं." सुदाम उठला. "काकीनं दाखवलंय, मग आता मी दुसऱ्याच्या दारात जाणार नाय."

तो गेल्यावर नविन म्हणाला, "अगं घाबरतेस काय? आईचं गाणं हाय की मशीनमध्ये. ऐकायचं नि पाठ करायचं. आता कारणाशिवाय थोडंच ऐकणार?"

संगिताचा जीव भांड्यात पडला. तो तिथे फार काळ काही राहिला नाही.

नविनने जुनी डिस्क लावली. फाइल दिसत होती, नाव 'आई' असं लिहिलेलं. नव्या प्रोग्रामने ती उघडायला नकार दिला. ती फाइल जुन्या प्रोग्रामची, आवाजासकट एका गाठोड्यात बांधलेली, आणि ती गाठ त्याच प्रोग्रामला सुटणारी. बरं, जुना प्रोग्राम टाकला. तर तो म्हणे, माझं कार्ड कुठाय? ते कार्ड समोर असल्याशिवाय तो प्रोग्राम दारच उघडत नसे, तशीच त्याची रचना होती. फळीवरचं कार्ड काढलं, पुसलं आणि सगळं चंबूगबाळं घेऊन नवरा-बायको सरावलीला दिपककडे गेले.

दिपकने कॉम्प्युटरचं झाकण काढलं. "नशीब तुमचं. याच्यात जुन्या कार्डाची खाच अजून हाय." कार्ड बसलं. संगिताने मनातल्या मनात हात जोडले. मग दिपक कितीतरी वेळ पडद्याकडे बघत बसला आणि डोकं खाजवू लागला.

"कार्ड बसलं, पण विंडोज त्याला ओळखत नाय. याचा ड्रायव्हर फक्त बत्तीस बिटचा निघालेला. तुमचं विंडोज चौसष्ट."

"चौसष्ट कोणी टाकलं?" नविनने विचारलं.

"वहिनीच बोलल्या. मी विचारून टाकलं, हां. माझ्यावर नका घेऊ."

नविनने बायकोकडे पाहिलं. "तुला काय समजलं गं, बिट म्हणजे?"

"तुमचं ते," संगिता पुटपुटली. "ढिनच्यॅक ढिनच्यॅक. मला वाटलं, बत्तीस ठोके नाचाला कमी पडतील."

दिपक खुर्चीवरून पडायचाच बाकी राहिला. नविन पण हसला. त्या दोघांना हसताना बघून संगितालाही हसू फुटलं, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून जे पाणी सुरू झालं ते थांबेचना.

"वहिनी, रडू नका," दिपक ओशाळून म्हणाला. "हा बिट वेगळा आणि तुमचा बीट वेगळा. असं समजा, कार्डाचा हा जो ड्रायव्हर, त्याला फक्त कच्चा रस्ता माहीत. हायवेवर आणला तर तो गाडीच चालू करत नाय."

"मग शिकवा ना त्याला."

"ज्यांनी शिकवायचं त्यांनी ते कार्डच बंद केलं. आता त्याला कोण वाली नाय."

असं एकदा सुरू झालं, की अडचणी पाहुण्यांसारख्या घोळक्याने येतात. दिपकने दुसऱ्या डिस्कवर बत्तीस बिटचं विंडोज सेव्हन टाकायला घेतलं. नव्या मशीनवर जुनं विंडोज. पहिल्याच पडद्यावर माऊस मेला, कीबोर्ड मेला. बाण हलेना, बटण लागेना. जुन्याला नव्याची भोकं ओळखता येत नव्हती. दिपकने माळ्यावरून गोल पिनेचा एक पिवळा पडलेला कीबोर्ड शोधून काढला, तेव्हा गाडं पुढे सरकलं. विंडोज बसलं. ड्रायव्हर बसला. जुना प्रोग्राम उघडला. संगिता उभी राहिली, पदर खांद्यावरून घेतला, जसं काही सासू समोर येणार होती. नविनने 'आई' वर बाण नेला, आणि सगळा पडदा निळा झाला. वर पांढरी अक्षरं.

पुन्हा केलं. पुन्हा निळा. कार्ड काढून लावलं, निळा. दिपकने कुठल्या कुठल्या मित्रांना फोन लावले, त्यांनी सांगितलं ते केलं. निळा.

दोन-तीन फेऱ्या झाल्या सरावलीच्या. शेवटी दिपकने हात टेकले. "बोर्ड नवा, कार्ड जुनं. खाच दिली तरी मनं जुळत नाहीत. खरं सांगू वहिनी? तेव्हा बत्तीस टाकलं असतं तरी हेच झालं असतं. तुमची चूक धरू नका."

चूक आपली नव्हती हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. संगिताला उलट जास्त भीती वाटली. चूक आपली असली तर ती सुधारता तरी येते.

घरी ती शेपटं जुळवत बसायची. भाकरी थापताना, पाणी भरताना. 'गं तांदळाच्या दाण्या' च्या आधी काय? नदी येते की डोंगर? पाड्यातल्या दोन म्हाताऱ्यांना विचारलं. एक म्हणाली नदी, दुसरी म्हणाली, तुझ्या सासूच्या गाण्यात नदीच नाय. दोघी भांडल्या. हिराबाईच्या खाटेपाशी बसून संगिता एक ओळ म्हणून दाखवायची आणि तिच्या डोळ्यांकडे बघायची. हिराबाई कधी मान हलवायची, कधी डोळे मिटून घ्यायची. मिटलेले डोळे हो म्हणतात की नाही, ते कळायचं नाही. एकदा संगिताचा तोल सुटला. "आई, तुम्ही निदान चुकलं की हात तरी आपटा! मी काय करू? कुठून आणू?" हिराबाईच्या डाव्या डोळ्यातून पाण्याचा एक ओघळ उशीवर उतरला. संगिताने तो पुसला, आणि कोंडीत जाऊन गोधडीच्या भिंतीला तोंड लावून रडली, कारण तिथलं रडणं बाहेर ऐकू येत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात डोंगराकडे हात जोडल्यावर तिने पहिल्यांदा मागितलं. "आई, मला गाणं दे. माझ्या गळ्याचं कौतुक व्हावं म्हणून नाय मागत. पोरीचं लग्न अडलंय." आणि लगेच लाजल्यासारखी आत पळाली.

दिपकचा फोन त्याच आठवड्यात आला. तलासरी नाक्यावर एका फोटोवाल्या काकांकडे त्यानेच जोडून दिलेला एक जुना कॉम्प्युटर होता, नविनच्या जळलेल्याचा जुळा भाऊ. तोच बोर्ड, बत्तीस बिटचं सेव्हन. काकांनी त्याला जन्मात इंटरनेट लावलेलं नव्हतं, म्हणून तो जसाच्या तसा होता. डिस्क आणि कार्ड घेऊन तिघे तिकडे गेले.

फोटोवाले काका गुजराती, डोक्यावर टोपी, तोंडात सुपारी. दुकानात आलेल्या माणसाचं कौतुक करायची त्यांना सवय. "आवो बेन, बसो. पासपोर्ट काढायचा?"

"नाय काका. तुमचा कॉम्प्युटर पाहिजे थोडा वेळ."

"कॉम्प्युटर?" काकांनी मशीनवर हात ठेवला, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा. "हे म्हातारं हाय. उघडाल आणि मरून गेलं तर माझी लग्नाची सीझन गेली. आता कोणाला देत नाय मी."

नविन समजावू लागला, ड्रायव्हर, कार्ड, बिट. काका मान हलवत राहिले, नाय, नाय. तेव्हा संगिता पुढे झाली. "काका, माझी सासू धवलेरी. तिची वाचा गेली. तिचं गाणं या कार्डात अडकलंय. गाणं नाय मिळालं तर आमच्या पोरीचं लग्न लागायचं नाय."

काकांनी सुपारी गालात सरकवली. "कोण, गंजाडची हिराबेन? अरे, तिचे तर मी फोटो काढेल हाय लग्नात, मांडवाबाहेरून. मोठा आवाज. माझा फ्लॅश उडाला तरी थांबायची नाय." त्यांनी देवाच्या फोटोला हात लावला आणि स्वतःच मशीनची वायर काढली. "सांभाळून करजो, भाई."

कार्ड बसलं. ड्रायव्हर बसला. प्रोग्रामने या वेळी काही विचारलं नाही. 'आई' उघडली.

नविन म्हणाला, "मी बाहेर थांबतो. काका, तुम्ही पण चला." बाण कुठे दाबायचा ते त्याने बायकोला दाखवलं आणि दोघे पुरुष दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले. दिपकने शटर अर्धं खाली ओढलं आणि तोही गेला.

पडद्यावर एक लांब हिरवी पट्टी होती. पट्टीत आवाजाची नक्षी, काटेरी, वरखाली झालेली, चौकाच्या कडेला काढतात तशी. संगिताने नीट पाहिलं. नक्षी अर्ध्यापर्यंतच होती. पुढे नुसती सपाट रेघ.

तरी तिने बाण दाबला.

हिराबाई गाऊ लागली. खोकल्याने बसका झालेला, पण तिचाच आवाज. नदी होती. नदी आधी आणि डोंगर नंतर. एकेक डोकं येत गेलं आणि आपल्या शेपटाला जाऊन मिळालं. संगिताच्या ओठांतून शेपटं आपोआप निघत होती, हिराबाई श्वासाला थांबली की ही म्हणायची, 'गं सोन्याच्या पाटा'. फोटोवाल्याच्या दुकानात, निळ्या आकाशाच्या रंगवलेल्या पडद्यापुढे, सासू-सुना एकमेकींच्या मागेपुढे चालल्या.

मग ती जागा आली. हिराबाई थांबली. बांगड्या वाजल्या. बराच वेळ काहीच नाही. पंख्याची घरघर, बाहेर कोंबडा, म्हातारीचा श्वास. आणि मग हलक्या आवाजात, गाण्यात नव्हे, बोलण्यात:

"तुला उगाच नाय बोलवत, आई. इथं चौक नाय, पोर नाय. मशीनसाठी तुला कशाला तरास? बस तिथंच. पोराला मी सांगते, झालं."

त्यानंतर सपाट रेघ. हिराबाई गप्प बसून होती, बाहेर ओट्यावरच्या लेकाला गाणं चालू आहे असं वाटावं एवढा वेळ. शेवटी दार वाजलं आणि संपलं.

संगिताने पुढे-मागे करून पाहिलं. कुठे काही नव्हतं. दोष विंडोजचा नाही, कार्डाचा नाही, बत्तीसचा नाही, चौसष्टचा नाही. या मशीनवर काहीच अडलं नव्हतं, आणि आता तर मशीनला दोष द्यायची सोयही राहिली नव्हती. ते शब्द तिथे कधी नव्हतेच.

शटर वर करून नविन आत आला. "मिळालं?"

"मिळालं," ती म्हणाली. "तेवढं सोडून."

त्याला कळलं. तो तिथेच स्टुलावर बसला. दिपकने गुमान एमपीथ्री काढून दोघांच्या मोबाइलमध्ये टाकलं. काकांनी चहा सांगितला, तो कोणी प्यायला नाही.

लग्नाच्या दिवसापर्यंत संगिताने बाकीचं गाणं घोटून पाठ केलं. सोनीबाईकडे जाऊन आली. सोनीबाई म्हणाली, "माझे शब्द तुला देईन, पण ते माझ्या घरातले. तुमच्या घरची देवी माझ्या शब्दांनी उठायची नाय." हिराबाईच्या पायाशी बसून तिने सगळं सांगितलं, मशीनमध्ये काय ऐकलं तेही. हिराबाई ऐकत राहिली आणि तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. रागाने की दुःखाने, की आता काही उरलं नाही म्हणून, ते तिचं तिला माहीत.

लग्नात चौक काढून झाला. प्रगतीला पाटावर बसवलं, पिवळ्या लुगड्यात, मान खाली. मागे शेपूट धरायला संगिताची जाऊ जिजा. मांडवात बायकांची दाटी. काही ऐकायला, काही परीक्षा घ्यायला. एक बाई दुसरीला म्हणाली ते संगिताला ऐकू आलं: "मोबाइलवरून शिकलीय म्हणं." "मग मधेच जाहिरात नाय येत का गं?" फिसकन हसू उमटलं.

संगिताने गाणं उचललं. पहिल्या ओळीला आवाज थरथरला, दुसऱ्या ओळीला जिजाने शेपूट घट्ट धरलं. नदी गेली, डोंगर गेला, तांदूळ, पाट, दुधाची धार. हसणाऱ्या बायका गप्प झाल्या. कोणीतरी डोळ्याला पदर लावला. हिराबाईचीच चाल होती ती, खोकल्याच्या जागेसकट.

आणि ती जागा आली.

जिजाने मान खाली घातली. संगिता वाकली, प्रगतीच्या कानाशी तोंड नेलं. आता ती काय म्हणते ते कोणाला ऐकू येणार नव्हतं. नुसते ओठ हलवले असते तरी भागलं असतं. तिथे वाकल्या वाकल्या तिला शोधाशोधीचे सगळे दिवस एकदम आठवले.

"आई," ती कुजबुजली, "तुला बोलवायचे शब्द माझ्यापर्यंत पोचले नाहीत. मी फार शोधले. ज्यांच्यापाशी हायत त्यांची वाचा तूच नेलीस. पण चौक काढलाय, पोर बसलीय. मला येतं तसं बोलवते. ये."

"काकी," प्रगती ओठ न हलवता म्हणाली, "हे काय बोलतेस?"

"गप. हेच असतं."

ती ताठ झाली आणि गाणं मिटवायची ती पहिली ओळ उचलली. जिजाने शेपूट धरलं. लग्न लागलं. लागलं असं सगळ्यांनी धरलं, अक्षता पडल्या, नविनच्या पार्टीने बेंजो सुरू केला, पोरं नाचायला लागली. एका म्हातारीने जाता जाता विचारलं, "ते पण म्हणालीस ना गं?" संगिता म्हणाली, "म्हणाले." म्हातारी तिच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली आणि जेवायला गेली.

जेवणाच्या पंगती उठायच्या आत संगिता घरी आली. हिराबाई जागीच होती. तिच्या कानाशी तोंड नेऊन संगिताने मघाचे आपले शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवले, 'ये' पर्यंत. मग म्हणाली, "एवढंच जमलं, आई. चाललं का?"

हिराबाईने डावा हात उचलला आणि संगिताच्या तोंडावर ठेवला. बोटं ओठांवर दाबलेली. हे पुन्हा कधी बोलू नकोस म्हणून, की आता हे तुझ्याच तोंडात राहू दे म्हणून? संगिताने तिच्या डोळ्यांत पाहिलं, ते उघडे होते आणि त्यांतून काही कळत नव्हतं. बाहेर बेंजो वाजत होता. हात जड होता. संगिताने तो बाजूला केला नाही.